सुभेदारांचा मुक्काम

निसर्गाची मला मनापासून आवड आहे. अट एवढीच की त्यात स्वच्छ संडास असावा. साठीनंतर माणसाच्या अटी कमी होतात, पण उरतात त्या फार कडक. म्हणून चैत्रात भंडारदऱ्याला जायचं ठरलं तेव्हा मी तंबूला साफ नकार दिला आणि कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. जाहिरातीत पलंग, शेगडी, सौर दिवे असं बरंच काही होतं. माझी नजर थेट शेवटच्या ओळीवर गेली : 'स्वतंत्र शौचालय'.

बरोबर ही आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा. जातीने गावठी, छाती रुंद, आवाज असा की कुरिअरवाला पार्सल फाटकावरूनच फेकतो. आळेफाट्यापर्यंत त्यांनी खिडकी घेतली, संगमनेरला पुढची सीट आणि अकोल्याला माझी उशी. राजूर मागे पडल्यावर कळसूबाई दिसली. 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. मी सीटवरूनच नमस्कार केला. 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण हिने मोबाइलमध्ये टिपलं. सुभेदारांनी त्याच्या अलीकडच्या दगडावर पाय वर केला. या बाबतीत त्यांच्या कसल्याच अटी नसतात.

जलाशयाच्या काठी, एका शेतकऱ्याच्या परवानगीने, गाडी लावली. उकाडा मरणाचा. वारा पडलेला. मोबाइल सांगत होता, आकाश निरभ्र. शेतकरी डोंगराकडे बघून म्हणाला, "आज काय खरं न्हाई, काका." हवामानाच्या बाबतीत मी नेहमी मोबाइल नसलेल्या हाताकडे बघतो, तेव्हा मी लगेच खुर्च्या आत घेतल्या.

अंधार पडता पडता वळीव आला. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग गारा. तापलेल्या जमिनीवरून उसळणारी हवा थेंबांना पार गोठणाऱ्या थरात नेते, तिथे ते बर्फाचे होतात आणि वरच्या वाऱ्याला पेलेनासे झाले की खाली येतात. इथपर्यंत विज्ञान रम्य आहे. पत्र्याच्या टपाखाली बसून ऐकलं की रम्य राहत नाही.

पहिला गडगडाट झाला आणि सुभेदार नाहीसे झाले. पलंगाखाली नाहीत, सीटखाली नाहीत. ते शौचालयात होते. दार आत उघडणारं. ज्याने कोणी ते तसं बसवलं, त्याला कधी जायची घाई झालेली नसावी. दाराला पाठ लावून पंचवीस किलोंचा सुभेदार पसरलेला, आणि बाहेर, रात्रीची गोळी आणि दोन कप चहा घेऊन, मी.

"छत्री घेऊन बाहेर जाऊन येतो," मी म्हणालो.

"अहो, विजा चमकताहेत! गाडीतच सुरक्षित आहोत आपण."

तिचं बरोबर होतं. वीज पडली तरी ती पत्र्याच्या अंगावरून जमिनीत जाते, आतला माणूस वाचतो. भौतिकशास्त्र म्हणत होतं आत बस, शरीरशास्त्र म्हणत होतं बाहेर पड.

चिवडा दाखवला, लाडीगोडी केली, सरकारी आवाजात हुकूम सोडला. आतून फक्त धाप ऐकू येत होती. दार बोटभर ढकलून मी फटीतून हात घातला. तळहाताला थरथरणारं नाक लागलं. मग मात्र मी तिथेच फतकल मारली.

वीज चमकली की मी मोठ्याने मोजायचो. तीन सेकंदांना ढग एक किलोमीटर लांब. एक, दोन, तीन, चार... धडाड. मग दोनवरच. मग मोजायला उसंतच नाही. तेव्हा नुसतंच "आहे रे, आहे मी" म्हणत राहिलो. कुणाला सांगत होतो कोण जाणे. हळूहळू आकडा वाढला. पंधरावर पोचलो तेव्हा दारामागे शेपटी एकदा आपटली आणि सुभेदार बाहेर आले.

मी आत गेलो. तपशील देत नाही. इतक्यात लांब कुठेतरी गडगडलं, दारावर नखं खरखरली, कडी निसटली आणि सुभेदार ढुसणी मारून आत. माझ्या उघड्या गुडघ्यांवर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. तो मुक्काम बराच वेळ चालला. हिने फोटो काढला नाही, हे तिचं माझ्यावरचं प्रेम.

सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं; दगडावरचं कोरीवकाम धुऊन लख्ख झालं होतं. परतताना रस्त्याकडेला काढणीचा कांदा भिजून पडला होता. एक म्हातारी ताडपत्री झटकून एकेक कांदा वेगळा काढत होती. तिच्याच बांधावर दोन पोरं उरलेल्या गारा ओंजळीत घेऊन रील करत होती. 'व्वा, आपलं काश्मीर!' मला भयंकर राग आला. सुभेदार भुंकले असते तर मी आवरलं नसतं. पण ते माझ्या उशीवर झोपले होते.

पुण्यात गाडीवाल्याने शौचालयाच्या दारावरचे ओरखडे बोटाने मोजले आणि डिपॉझिटमधून पैसे कापले. सुभेदार त्याच्यावर छाती काढून असे भुंकले, की तो दोन पावलं मागे सरला. आकाश निरभ्र होतं ना!