उघड्या पंपाचं सोवळं

खडी क्रशरवरचं मोठं पोकलेन ऐन सीझनमध्ये बंद पडलं आणि इंजिन ‘ह्युई’ जातीचं निघालं, की मामांना फोन जातो. प्रत्येक टापूत असा एक मामा असतोच. मामा येतात, इंजिनाभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, ‘‘आधी धू.’’ इंजिन धुऊन गार होईपर्यंत पान्याला हात नाही.

मामांचा स्वतःचा शर्ट मूळचा कोणत्या रंगाचा, हे मामींनाही सांगता येणार नाही. जेवणाचा डबा ते त्याच हातांनी उघडतात. पण हाय प्रेशर ऑइलच्या लाइनचा नट सैल झाला, की या माणसाला सोवळं चढतं. कॉटन वेस्ट चालत नाही, धागा सुटतो. जुन्या टेरिकॉट शर्टाचे धुतलेले तुकडेच लागतात. उघडं पडलेलं भोक तिथल्या तिथं टोपण लावून बंद. आणि तोंडात तंबाखू नाही! हेल्पर पोरं त्यावरूनच ओळखतात, मामा खेकसायला लागले म्हणजे पंप उघडा आहे.

‘‘शेठ, कचरा विचारून आत जात नाही,’’ हे मालकासाठी ठेवणीतलं वाक्य. आणि ते खोटं नाही. ह्युई इंजिनात पंप इंजिन ऑइललाच तीन हजार पौंडांच्या घरात दाबतो. ते तेल इंजेक्टरमधला पिस्टन ढकलतं. पिस्टन वर रुंद, खाली बारीक, म्हणून डिझेलचा दाब सहा-सात पट होतो. अशा ठिकाणी वाळूचा कण गेला, की इंजेक्टर गेलाच समजा.

पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून बोल्ट जागच्या जागी खोचलेले असतात. जुनी ओ-रिंग काढली की मामा ती ब्लेडनं कापूनच टाकतात, नाहीतर शेठ म्हणणार, ‘‘चांगली आहे की अजून!’’ इंजेक्टर काढताना त्याला तेल पुरवणाऱ्या गॅलरीतलं तेल इंजिनाच्या पिस्टनवर उतरतं. ते तसंच ठेवून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकायचा. म्हणून इंजेक्टर बसवण्याआधी मामा इंजिन हातानं फिरवून तेल बाहेर काढतात. तोवर किल्ली त्यांच्याच खिशात. ऑपरेटरवर त्यांचा विश्वास नाही, शेठवर तर मुळीच नाही.

सगळं जोडलं तरी इंजिन लगेच लागत नाही, कारण रिकाम्या गॅलरीत तेल भरून दाब यावा लागतो. सेल्फ कण्हत राहतो, शेठचा चेहरा उतरतो. मामा तळहातावर तंबाखू मळत उभे. इंजिन धूर सोडून धडधडलं, की चिमूट दाढेखाली जाते.

मजुरी मामा फारशी सांगत नाहीत. धुण्याचं डिझेल मात्र वेगळं लावतात, आणि त्यात घासाघीस चालत नाही.