जेवायला गेलेल्या साहेबांना

प्रति,
मा. साहेब (सध्या जेवायला गेलेले),
खिडकी क्र. 7, परीक्षा विभाग,
राज्यातलं एक नामांकित विद्यापीठ.

विषय : मी परीक्षेला हजर होते, याबाबत.

महोदय,

आपली भेट बरेच दिवस होऊ शकली नाही, कारण मी जेव्हा जेव्हा आले तेव्हा आपण जेवायला गेला होतात. सकाळी साडेअकराला गेला होतात, दुपारी साडेतीनला गेला होतात. एका गुरुवारी शिपाईकाकांनीच सांगितलं की साहेबांचा गुरुवार कडक असतो, पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि साहेब कुठे आहेत विचारल्यावर म्हणाले, "जेवायला."

प्रकरण थोडक्यात असं. एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं सत्र, सार्वजनिक वित्ताचा पेपर. मी तीन तास लिहिलं, दोन पुरवण्या घेतल्या, बारकोडचं स्टिकर सरळ लावलं, हजेरीपटावर सही केली. दिवाळीनंतर निकाल लागला आणि त्या विषयापुढे 'एबी'. म्हणजे ॲबसेंट. नापास केलं असतंत तर मी गप्प बसले असते. नापास व्हायला निदान माणूस तिथे असावा लागतो.

हजर होते हे सिद्ध कसं करायचं, ते आपल्या काचेवर चिकटवलेलंच आहे. हॉल तिकिटाची प्रत, केंद्रप्रमुखांचं पत्र, हजेरीपटाची साक्षांकित प्रत, पैसे भरल्याचं चलन. मी केंद्रावर गेले. ते म्हणाले, हजेरीपट विद्यापीठाकडे गेला. म्हणजे आपल्याकडे. म्हणजे आपल्या कपाटातला कागद मी बाहेरून आणायचा आणि आपल्याला दाखवायचा, मग आपण तो आपल्या कपाटातल्या कागदाशी ताडून बघणार. अर्थशास्त्र सोडून मी तत्त्वज्ञान घ्यायला हवं होतं.

इतर तक्रारींनी आपला वेळ घेत नाही. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून मी मैत्रिणीच्या खोलीत 'पॅरासाइट' आहे. आमचे निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, त्यातले एक सर सत्राच्या मध्येच दुसरीकडे लागले. मेसच्या वरणाबद्दल मी काहीच म्हणत नाही. नॅकची टीम आली त्या आठवड्यात स्वच्छतागृहात साबण होता, व्हरांड्यात कुंड्या होत्या आणि आपल्या खिडकीची काच पहिल्यांदा आरपार दिसली. पलीकडे खुर्ची रिकामीच होती, पण स्वच्छ होती.

माझं दुखणं परीक्षा विभागाचंच आहे, आणि त्याला कारण आहे. 1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवणं हे त्यांचं काम नव्हतंच. शिकवायची ती कॉलेजं; विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. स्वतः शिकवण्याचा अधिकार 1904 च्या कायद्यानं स्पष्टपणे मिळाला. म्हणजे साहेब, ग्रंथालय, प्रयोगशाळा, कुलगुरूंचा बंगला हे सगळं मागाहून आलं. मुळात या देशातलं विद्यापीठ म्हणजे आपली खिडकी! पावणेदोनशे वर्षं होत आली, एवढं एकच काम, आणि मी पेपरला बसले होते की नव्हते एवढं सांगता येऊ नये?

यंत्रं आणून तरी काय होतं, ते मुंबईनं दाखवलं. 2017 मध्ये तिथे उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं घाईनं ठरलं. 31 जुलैपर्यंत निकाल लावा असं खुद्द कुलपतींनी बजावलं, ती तारीखही हुकली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तेव्हा ज्यांचे पुढचे प्रवेश लटकले त्यांना ते वर्ष कुणी परत दिलं नाही. कुलगुरू जातात, पोरांच्या वर्षाची भरपाई कुठल्याच परिपत्रकात नसते.

आता माझ्याकडचं सांगते. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या गावी तो निकाल माझ्याआधी पोचला. चुलतभावानं मोबाइलवर काढला आणि पारावर वाचला. आप्पांचा फोन आला. "पेपरला गेली नव्हतीस का?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, गेले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विद्यापीठ कशाला खोटं लिहील?" मामानं तर निष्कर्षच काढून टाकला: पोरगी शहरात ठेवली की असंच होतं, आता आलेलं स्थळ बघा. गावात पोरीच्या शब्दापेक्षा शिक्क्याला वजन जास्त असतं, आणि शिक्का तुमचा होता. तिकडे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला मागच्या वर्षाचा निकाल लागतो. माझा निकाल अर्धवट, त्यामुळे अर्जही अर्धवट.

3 जानेवारीला मी पहाटेपासून रांगेत होते. साडेदहाला खिडकीवर पाटी लागली: आज कामकाज बंद राहील. कारण सगळे सभागृहात होते. सावित्रीबाईंची जयंती होती. मुलींच्या शिक्षणावर व्याख्यान होतं आणि लाउडस्पीकर आमच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. माझ्या पुढे दोन मुली उभ्या होत्या, एक कडेवर बाळ घेऊन. सावित्रीबाईला हार घालताना तुमच्यापैकी एकाचाही हात थरथरला नाही का? तिच्यावर शेण फेकणारे निदान समोर येऊन फेकत होते. तुम्ही खिडकी लावून घेता, आणि पोरी आपोआप घरी जातात.

हे पत्र खरं तर इथेच संपवून मी वर्तमानपत्राला देणार होते. पण परवा शिपाईकाका चहाला गेलेले असताना मी सरळ आत शिरले. मागच्या खोलीत छतापर्यंत गठ्ठे होते, ट्यूबलाइट फडफडत होती, आणि तुम्ही स्टुलावर उभे राहून माझ्यासारख्याच कुणाचा तरी हजेरीपट शोधत होता. टेबलावर डबा होता, न उघडलेला. संध्याकाळचे पाच वाजायला आले होते.

तुम्ही ओरडला नाहीत. धूळ झटकत सांगितलंत की या टेबलावर पूर्वी तिघं होते. दोघं निवृत्त झाले, एकाची बदली झाली, जागा भरल्या नाहीत. तुम्हाला एजन्सीनं पाठवलंय. पगार विद्यापीठ एजन्सीला देतं, एजन्सी तुम्हाला देते, मध्ये काय गळतं ते तुम्ही हसून सोडून दिलंत. मी तुम्हाला 'साहेब' म्हटलं तेव्हा तुम्ही मागे वळून बघितलंत, कोण आलंय म्हणून. तुम्हीही एम.ए. आहात. मराठीत. जेवायला गेलेत, हे काका सांगतात कारण खरं सांगितलं तर रांग आत घुसेल.

माझा राग तरीही गेलेला नाही. फक्त तो आता तुमच्यावर ठेवता येत नाही, आणि ज्यांच्यावर ठेवायचा त्यांचा मजला मला लिफ्टमनसुद्धा सांगत नाही.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. माझ्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि त्या दिवसाचा आमच्या ब्लॉकचा हजेरीपट मागितलाय. उत्तरपत्रिका दाखवावी लागते हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलंय, त्या निकालाची प्रतही जोडली आहे. अर्ज फिरत फिरत तुमच्याच टेबलावर येईल, कारण गठ्ठे तुमच्याकडे आहेत. तीस दिवस आहेत. माझा कागद सापडला नाही तर 'सापडला नाही' असंच लिहून वर पाठवा, आणि उत्तरावर सही माहिती अधिकाऱ्यांचीच घ्या. कुणी कितीही म्हणालं, "तूच करून टाक", तरी तुम्ही करू नका. तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.

आपली,
बैठक क्रमांक आपल्याकडे असेलच