हायड्राच्या धक्क्याला बोट कशी लावावी

आधी बोट मिळवा. ग्रीसमध्ये कप्तानाशिवाय शिडाची बोट भाड्यानं घ्यायची तर एकाकडे परवाना लागतो आणि सोबत थोडंफार कळणारं दुसरं माणूस. हे दुसरं माणूस शक्यतो बायको किंवा नवरा नसावं. कारण पुढे येईलच.

अथेन्सच्या पिरेयस बंदरापासून हायड्रा बेट 40 समुद्री मैलांच्या आसपास. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वारा असला की शीड, पडला की इंजिन.

हायड्राचं बंदर एवढंसं, त्यात अथेन्सला जवळ. म्हणून उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळीच पोहोचा. प्रेक्षक भरपूर मिळतात. बोटीची पाठ धक्क्याकडे करायची, बंदराच्या मध्यावर नांगर टाकायचा आणि साखळी सोडत उलटं यायचं. पुस्तकं सांगतात, साखळी खोलीच्या चार-पाच पट हवी. म्हणजे 10 मीटर पाण्यात 40 ते 50 मीटर. बंदरात तेवढी जागा आहे का, ते पुस्तकात नसतं. शिवाय समोरच्या धक्क्यावरच्यांनीही तेच पुस्तक वाचलेलं असतं.

हळू उलटं येताना बोट सुकाणूला जुमानत नाही. पंखा तिची पाठ एका अंगाला ओढतो, आडवा वारा तोंड भलतीकडे नेतो. नांगरापाशी बायको, सुकाणूवर नवरा, मध्ये अख्खी बोट आणि इंजिनची घरघर. हातखुणा आधीच ठरवाव्यात. बेटावर गाड्या जवळपास नाहीतच, सामान खेचरं वाहतात; त्यामुळे तुमचं बोलणं शेवटच्या कॉफीच्या टेबलापर्यंत स्वच्छ पोहोचतं, सासरच्या उल्लेखांसह.

जागाच नसेल तर लागलेल्या बोटींपुढे दुसरी रांग धरा आणि त्यांच्यावरून अनवाणी, ‘कालिस्पेरा’ (शुभ संध्याकाळ) म्हणत उतरा. जागा मिळाली तर धक्का आणि बोट यांच्यात मीटरभर अंतर ठेवा. जलद प्रवासी बोटींची लाट आत आली की नांगरानं तळ धरलाय का ते समजतं. धरला नसेल तर आवाजानंही समजतं.

शेजाऱ्याचा रंग खरवडला तर खचू नका. याच बेटाचा दर्यासारंग मिआउलिस यानं 1831 मध्ये सरकारशी भांडून पोरोसला आपल्याच आरमाराचं ‘हेलास’ हे जहाज उडवून दिलं. त्याच्या नावानं इथे दर जूनमध्ये उत्सव होतो आणि त्यात बंदरात एक नाव जाळतात.

सकाळी निघताना खरी मजा. मंगल कार्यालयाबाहेरच्या चपलांप्रमाणे साखळ्या एकमेकींवर पडलेल्या असतात आणि लवकर जायचं असतं नेमकं तळाच्या माणसाला. तुमच्या नांगरासोबत परक्याची साखळी वर येईल. तिच्याखालून दोर घाला, दोन्ही टोकं आवळून धरा, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करा, मग दोराचं एक टोक सोडा. साखळी जाते खाली, पण तिच्या मालकाचा नांगर आता बहुधा निखळलाय. तो झोपलेला असेल तर दोनदा हाक मारावी. दुसऱ्या हाकेपर्यंत बंदराबाहेर असावं.