झाकण

फेंगशुईवाले काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले काका बँकेतून निवृत्त झालेले. घरात शिरले की आधी थेट संडासाकडे. कमोडचं झाकण उघडं दिसलं की ते पाडतात, दार ओढून घेतात आणि सोफ्यावर बसून म्हणतात, "पैसा वाहून जातो रे. चहा टाक."

आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींचा संकल्प चालू असताना काका हळूच उठले, आतून 'खट्' असा आवाज आला आणि काका हात जोडून परत पाटाशी हजर. नागपूरला लग्नाला गेले, तर रात्री अकराला फोन. "झाकण?" एवढंच. "लावलंय," म्हटलं की ठेवून देतात.

बाकी सरंजामही आहेच. दाराशी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, तोंड घराकडे. बाईंनी पुसताना तो बाहेर वळवून ठेवला, तर त्या महिन्याचं वीजबिल बाईंच्या माथी. लकी बांबू हा बांबूच नव्हे, आफ्रिकेतलं ड्रॅसिना आहे, असं मी सुनावलं. "असेना का, लकी आहे ना?" लाफिंग बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हे, बुदाई नावाचा चिनी भिक्षू, हे मात्र त्यांनीच मला ऐकवलं. चिनी तक्त्यात दक्षिण वर असते हे ध्यानात न आल्यामुळे पहिलं वर्षभर त्यांचा आग्नेयेचा धनकोपरा वायव्येला नांदत होता. नेमकी त्याच वर्षी बँकेची थकबाकी हातात पडली. यावर काका बोलत नाहीत.

समोरच्या इमारतीचा कोपरा आपल्यावर रोखलेला आहे म्हणून गच्चीवर तोफेसारखं काहीतरी बसवा, असा ठराव त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडला. दाखला हाँगकाँगचा: तिथे बँक ऑफ चायनाच्या धारदार कडांना उत्तर म्हणून शेजारच्या एचएसबीसीने छपरावर तोफांसारख्या क्रेन रोखल्या म्हणे. आमच्या सभेचा विषय होता पाण्याची टाकी.

तरी मान्य करायला हवं, कुणाकडे आजारपण निघालं की झाकणाच्या निमित्ताने हा माणूस दिवसातून दोनदा डोकावतो आणि जाताना औषधांची चिठ्ठी खिशात घालतो.

परवा त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो तक्ता वाचायला मिळाला. आग्नेय: धन. नैर्ऋत्य: नातेसंबंध. पश्चिम: अपत्य. यांच्या फ्लॅटच्या पश्चिमेला बिल्डरने संडास काढलाय. आणि एकुलता मुलगा जर्मनीत.

"दिवाळीला येतोय का?" मी विचारलं.

"रजा नाही म्हणाला. छान चाललंय त्याचं तिकडे," काका म्हणाले. "ते राहू दे. तुझ्या पलंगासमोरचा आरसा हलवलास का?"