चांदणी लावून ठेवलंय

पीकविम्याची मुदत जवळ आली की आमच्या गल्लीत माझी पत वाढते. एरवी 'काय सर, निघाले का फिरायला?' एवढ्यावर भागवणारी माणसं त्या दिवसांत पायरीवर टेकतात, तांब्यातलं पाणी स्वतःच ओतून घेतात, पावसाला दोन शिव्या घालतात आणि मग विषयाला हात घालतात, "सर, तेवढी लिंक टाका की." कशाची लिंक, हे सांगायची रीत नाही. जुलैत मागितली तर विम्याची, दिवाळीच्या पुढंमागं मागितली तर सोयाबीनच्या भावाची आणि उन्हाळ्यात बांधावरून वाजलं असेल तर सातबाऱ्याची, हे आपणच ओळखायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेल्यामुळं अर्धवट प्रश्नावरून पूर्ण उत्तर काढायची मला सवय आहे. जे धारूर-कळंबच्या पोरांनी तोंडी परीक्षेत करवून घेतलं, तेच आता त्यांचे बाप पायरीवर बसून करवून घेतात.

नोकरीच्या उत्तरार्धात शिक्षकाच्या खिशातला खडू कमी झाला आणि पत्ते वाढले. पोरांची माहिती 'सरल'वर, शाळेची 'यू-डायस'वर, पगार 'शालार्थ'मधून. पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा. मात्र पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा नि एक खूण हवीच, हा हट्ट सगळीकडं सारखा. त्याच काळात एका तरुण सहकाऱ्यानं दाखवलं की पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला एक चांदणी असते, ती दाबली की पान कायमचं आपलं. कंट्रोल आणि डी ही दोन बटणं एकदम दाबली तरी तेच होतं, पण चांदणी उजळताना बघायची मजा त्यात नाही.

चांदणी दाबल्यावर जे समाधान लाभतं ते पान वाचून कधीच लाभत नाही. खरं म्हणजे वाचायचं टळावं म्हणूनच ती दाबायची. 'ज्वारी आणि मधुमेह', 'तुरीवरचा मर रोग व उपाय', 'नळदुर्गचा पाणीमहाल कसा बांधला' हे सगळं मी चांदणी लावून ठेवलंय, म्हणजे आता ते मला येतंच. कुणी विषय काढला तर "आहे माझ्याकडं," एवढं म्हणून भागतं. बाहेरच्या खोलीत पुस्तकांची कपाटं भरून ठेवणारे हेच करतात. फक्त त्यांना धूळ झटकावी लागते.

साठवलेलं सापडत नाही, ही गोष्ट वेगळी. त्याचं कारण माणसाचा आळस नव्हे, पानांची नावं आहेत. चांदणी दाबताना पान स्वतःचं जे नाव सांगतं तेच यादीत उमटतं, आणि सरकारी पानांना स्वतःबद्दल फार बोलायची सवय नसते. त्यामुळं माझी यादी उघडली की एकाखाली एक असं दिसतं : मुख्यपृष्ठ, मुखपृष्ठ, होम, होम, वेलकम, होम, मुख्य पान, लॉगिन, होम. यातलं महसूल कुठलं, वीजबिल कुठलं आणि बोर्डाचा निकाल कुठला, हे एकेका होमात हात घातल्याशिवाय कळत नाही. त्यात आत शिरल्यावर, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन झाल्यावर, जे पान दिसतं त्याला चांदणी लावायची हौस असली तर दुसऱ्या दिवशी ते पान आपल्याला ओळखच दाखवत नाही. तो पत्ता तेवढ्या भेटीपुरताच असतो.

यावर उपाय म्हणून फोल्डर. मी पहिलं केलं 'महत्त्वाचे'. ते भरल्यावर 'अतिमहत्त्वाचे'. त्यानंतर 'तातडीचे', 'नंतर वाचायचे', 'नक्की वाचायचे' आणि, वेळ नव्हता म्हणून, 'नवीन फोल्डर'. सगळ्यांत कामाचं जे काही आहे ते नेमकं 'नवीन फोल्डर'मध्ये असतं.

आमच्या घरात या बाबतीत खरी शिस्त बायकोची. तिनं चांदणीकडं ढुंकूनही पाहिलेलं नाही. तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. त्याचं नाव 'मी' आणि सदस्यही तीच. सुरुवातीला त्यात बहीण होती, तिला काढून टाकलं. जे सापडेल ते तिथं टाकायचं आणि वर आपल्या भाषेत दोन शब्द लिहायचे : 'हुलग्याच्या शेंगोळ्या, ताईवाल्या', 'गुडघा, डावा', 'स्वस्त पातेलं'. हवं तेव्हा 'शेंगोळ्या' टाकून शोधलं की हजर. मी यादीत होम होम करत बसलेलो असताना ती पीठ मळून मोकळी. वर म्हणते, "अहो, तुमचं ते नक्की वाचायचं झालं असेल तर लसूण सोला."

पुण्यात आयटीत असलेला पुतण्या दिवाळीला आला आणि त्यानं माझा कारभार हातात घेतला. "काका, याला हायरार्की नाही," असं म्हणून त्यानं शासन, त्याच्या पोटात महसूल, त्याच्या पोटात भूमी अभिलेख, त्याच्या पोटात ऑनलाइन सेवा आणि त्याच्या पोटात सातबारा अशी उतरंड लावून दिली. दिसायला सुरेख. पायरीवर सातबाऱ्यासाठी गल्लीतले तात्या ताटकळलेले असताना मी एकेक पायरी उतरत सातबाऱ्यापर्यंत जाईतो तात्या घरी जाऊन पानाचा डबा घेऊन परत आले.

पोरगं हुशार मात्र आहे. जाताजाता त्यानं यादीची एक प्रत काढून पेनड्राइव्हवर दिली आणि ती फाईल उघडून दाखवली. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात लिहिलेलं होतं : नेटस्केप. आता 1993 मध्ये मोझॅक आला तेव्हा जपून ठेवलेल्या पत्त्यांना हॉटलिस्ट म्हणायचे, पुढं नेटस्केपनं बुकमार्क रूढ केले, एवढं मला ठाऊक होतं. पण त्या नेटस्केपचा सांभाळ 1 मार्च 2008 पासून बंद आहे. तरी आजच्या क्रोमनं किंवा फायरफॉक्सनं पत्त्यांची प्रत काढून दिली की माथ्यावर नाव नेटस्केपचंच. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावरून त्यांचं नाव निघत नाही, तसंच हे. मला एकदम त्या फाईलबद्दल आपुलकी वाटली. वारसाची नोंद फक्त आपल्याच तलाठ्याकडं रखडत नाही तर!

नावांचा विषय निघालाच आहे तर आमच्या जिल्ह्याइतका त्यात मुरलेला जिल्हा दुसरा दाखवा. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रानं उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव करायला मान्यता दिली, त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचंही झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, जिल्ह्याच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात जिथं उस्मानाबाद होतं तिथं धाराशिव आलं. आमच्या चांदण्यांना मात्र हे कुणी कळवलं नाही. शिवाय अर्ज भरताना जिल्हा निवडायची जी खाली उघडणारी यादी असते, तिच्यात आपण कुठं आहोत हा प्रश्न नव्यानं पडला. पूर्वी मराठी यादीत 'उ' म्हणजे अकोला-अमरावती झाले की लगेच आपण. आता 'ध'पर्यंत खाली जायचं, धुळ्याच्या शेजारी उभं राहायचं. तिथं नसलो तर परत वर 'उ'मध्ये डोकावायचं. इंग्रजी यादीत पूर्वी आम्ही 'ओ'मध्ये एकटेच होतो, स्वतंत्र खोली असल्यासारखे, आता 'डी'मध्ये.

जिल्ह्याची शेळी या भानगडीत पडली नाही. जातीच्या नोंदीत ती उस्मानाबादीच आहे, त्यामुळं शेळीपालनाचं पान शोधायचं तर जुनं नाव टाकायचं आणि शेळीसाठी अनुदान मागायचं तर नवं. शिवाय 1982 साली लातूर वेगळा झाला, तेव्हाच्या आधीचं काही शोधायला गेलं तर लातूरही आमच्याच नावाखाली निघतो. लातूरकरांना हे सांगू नये.

पण तुटलेल्या दुव्याचा मान खरा आमच्याच जिल्ह्यातल्या तेरचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं हिंदी महासागरातल्या व्यापाराची जी माहितीपुस्तिका लिहून ठेवली, तिच्यात पत्ता दिलेला आहे : भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. एवढा स्वच्छ पत्ता, पण शहर सापडेना. विद्वानांनी तगर म्हणून कुणी देवगिरीवर बोट ठेवलं, कुणी जुन्नरवर. ज्याच्या त्याच्या यादीत तगर वेगळ्याच जागी उघडायचं. शेवटी 1901 मध्ये फ्लीट नावाच्या अभ्यासकांनी सांगितलं की हे तगर म्हणजे तेर. संत गोरा कुंभारांचं, आमच्या गोरोबाकाकांचं तेर! तोवर तिथले लोक आषाढी-कार्तिकी करत, मडकी घडवत होते. आपण हरवलो आहोत हे त्यांना कुणी कळवलेलंच नव्हतं. आता तिथल्या लामतुरे संग्रहालयात मातीतून निघालेल्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. हस्तिदंताची ती इवली बाई बघायला तरी एकदा जाऊन या.

अठराशे वर्षांच्या मानानं आजची पानं फारच अल्पायुषी. अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं 2024 मध्ये मोजून पाहिलं, तर 2013 साली असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांत नाहीशी झाली होती. पत्ते सांभाळून ठेवणाऱ्या सेवांचंही तेच. 2003 साली निघालेल्या डेलिशसवर लोक आपल्या चांदण्या चारचौघांत मांडायचे, त्यांना खुणेचे शब्द लावायचे, दुसऱ्याच्या यादीत रमायचे. 2005 मध्ये ती याहूनं घेतली, मग या हातातून त्या हातात गेली आणि 2017 मध्ये घेणाऱ्यानं नवं काही ठेवणं बंद केलं. 'नंतर वाचू' म्हणणाऱ्यांचं पॉकेट जुलै 2025 मध्ये बंद झालं. पुतण्याचे त्यात शेकडो लेख होते. तो दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, "जाऊ दे, एकही वाचला नव्हता." मेलेला पत्ता जिवंत करायचा असला तर इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे, तिथं जुना पत्ता डकवला की कधी कधी जुनं पान निघतं. आमच्या तेरला फ्लीट लागले, तुमचं काम तेवढ्यात होईल.

मांडणीचा गुंता मात्र सुटला तो तुळजापुरात. राजे शहाजी महाद्वारापाशी उभे राहा, कुठल्याही पुजाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "गाव कोणतं? आडनाव काय?" तुमची तक्रार काय, नवस कशाचा, हे नंतर. गाव-आडनावावरून तुमच्या घराण्याचा पुजारी कोण ते ठरतं आणि कुणीतरी तुम्हाला त्याच्या दारात नेऊन सोडतं. नाशिक-त्र्यंबकच्या वह्यांतही तेच : गाव काढा, आडनाव काढा, आजोबांची सही समोर. तिथं कुणी 'धर्म', त्याच्या पोटात 'विधी', त्याच्या पोटात 'श्राद्ध' अशी उतरंड लावत नाही. वही लावलेली आहे ती येणाऱ्या माणसाप्रमाणं.

घरी आलो आणि पुतण्याची उतरंड मोडली. आता माझ्याकडं फोल्डर आहेत ते असे : 'तात्या', 'विम्याचं', 'भाव', 'पोरींच्या परीक्षा', 'लाईट'. 'तात्या'मध्ये दोनच पत्ते, 'फुकटातला' आणि 'पंधरा रुपयांचा'. सातबारा नुसता बघायचा असेल तर पैसे लागत नाहीत, पण त्या कागदावर कचेरीत कुणी काम करत नाही. डिजिटल सहीचा काढला तर पंधरा रुपये पडतात आणि तो चालतो. तात्यांच्या तोंडी असलेली हीच दोन नावं मी चांदणीला दिली. नाव बदलायला फक्त उजवं बटण दाबून 'संपादित करा' म्हणायचं असतं. सगळ्या 'होम'ची बारशी एका दुपारी उरकून टाकली.

'विम्याचं'मध्ये एक अडचण राहिली. खरीप 2023 पासून विमा एक रुपयात होता, म्हणून सगळी गल्ली त्या पत्त्याला 'एक रुपयावालं' म्हणू लागली आणि मीही तसंच लिहिलं. 2025 मध्ये एक रुपयाची सोय गेली, खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के भरायचे झाले. नाव मात्र तेच आहे. बदललं तर कुणाला सापडायचं नाही. दर वर्षी तात्या विचारतात, "सर, एक रुपयावालं टाका. औंदा किती भरायचेत?"

वाटपाचं शास्त्र मात्र अजून गल्लीत रुजायचं आहे. कुणी लिंक पाठवतं ती पडद्याचा फोटो काढून. निळी अक्षरं ठसठशीत दिसतात, त्यावर बोट आपटून आपटून नख दुखतं. कुणी सायबर कॅफेतल्या कागदाचा फोटो पाठवतं, त्यात पत्त्याचा शेवट अंगठ्याखाली. कुणी नुसतंच पाठवतं, कशाचं ते न सांगता, खाली हात जोडलेले. शिवाय 'सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, आजच शेवटचा दिवस' असलं दर पंधरवड्याला येतंच. तिथं एक करायचं : पत्ता वाचताना सुरुवातीच्या दोन जोड तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ गाठायची आणि तिच्या अलीकडं काय आहे ते बघायचं. सरकारचा पत्ता तिथं बहुतेक वेळा डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट निक डॉट इन असा संपतो. गव्ह, मग आडवी रेघ, मग आणखी काहीतरी आणि शेवटी डॉट एक्सवायझेड, असं असेल तर लॅपटॉप येत नाही, खात्यातले पैसे जातात. पोरांना अपूर्णांक शिकवताना जेवढं बोललो नसेन तेवढं मी हे बोलतोय. ऐकतात, मान डोलवतात आणि तोच निरोप पुढं पाठवून विचारतात, "सर, हे खरंय का?"

असो. लिंक मागायला अवश्य या, चहा होईल. पाठवायची असेल तर फोटो नको, अक्षरं पाठवा, आणि वर एक ओळ लिहा कशाची आहे ती. 'स्वस्त पातेलं' एवढं लिहिलं तरी चालेल. फक्त मुदतीच्या शेवटच्या रात्री साडेअकराला मागू नका. त्या वेळी मी झोपलेला असतो, आणि बहुतेक वेळा सर्व्हरही.