सहलकाका

भिलाईत सेक्टर एकपासून दहापर्यंत कुठंही जा, मराठी मंडळींच्या प्रत्येक गोतावळ्यात एक सहलकाका सापडतोच. निवृत्तीनंतर तो टाउनशिपचं क्वार्टर सोडून रिसालीला, हुडकोत नाहीतर नेहरूनगरात स्वतःच्या घरात गेलेला असतो. पण ओळख करून देताना "आम्ही सेक्टर सातचे" असंच म्हणतो. वडील भंडारा, अमरावती किंवा नागपूरकडून आलेले. 1955 साली रशियाशी करार झाला, माळरानावर कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. तो समारंभ आपण वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला, असं आमचे काका प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. त्यांचा जन्म 1960 चा आहे. काकूंनी एकदा चारचौघांत सर्व्हिस बुक काढून दाखवलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "सर्व्हिस बुकात चुका फार असतात."

काकांची सगळी नोकरी रेल मिलमध्ये गेली. इथून रेल्वेला 260 मीटर लांबीचे रूळ जातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण ते काकांनी सांगितलेलं आहे. नागपूरला जाताना सगळे खिडकीबाहेर बघतात, काका डोळे मिटून चाकांची खडखड ऐकतात. मध्येच "हा आपला" म्हणून मान डोलावतात. एखाद्या ठिकाणी गाडीला जरा जास्त हिसका बसला की "हा आपला नाही," असं सांगून मोकळे होतात.

साठाव्या वर्षी ड्यूटी सुटली, पण अंगातली फर्स्ट शिफ्ट काही सुटली नाही. पहाटे पाचला आंघोळ, सहाला बूट घालून फाटकाशी. जायचं कुठं, हा प्रश्न तिथं उभं राहिल्यावर पडायचा. त्यातून सहली निघाल्या. मैत्रीबागेतले पांढरे वाघ आमच्या मुलांना आता नावानिशी ओळखत असतील. डोंगरगडच्या बम्लेश्वरीच्या हजाराहून जास्त पायऱ्या आम्ही काकांच्या शिट्टीवर चढलो. सिरपूरला लक्ष्मण मंदिर बघायला नेलं, तर काकांनी तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या विटकामाला ओळंबा लावून पाहिला आणि पास केलं. शिट्टी, हजेरीची वही, प्रथमोपचाराची पेटी आणि एक लांब दोरी हे त्यांचं सामान. दोरी कशासाठी, हे कुणी विचारत नाही. विचारलं की उत्तर मिळतं, म्हणून.

भोपळ्याचं प्रकरण अमेरिकेतून आलं. काकांचा मुलगा इलिनॉयमध्ये, पिओरियाजवळ असतो. काका-काकू तिकडं गेले ते नेमके ऑक्टोबरात. अमेरिकेत सगळ्यात जास्त भोपळा पिकतो तो त्या राज्यात, आणि पिओरियाच्या शेजारचं मॉर्टन नावाचं गाव स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानीच म्हणवून घेतं. मुलानं एका रविवारी त्यांना शेतावर नेलं. आधी आत शिरायचे पैसे. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून शेतात जायचं, त्याचे पैसे. मग आपला भोपळा आपण शोधायचा, आपण उचलायचा, ढकलगाडीवर घालून आपणच आणायचा आणि त्याचे पुन्हा वेगळे पैसे द्यायचे.

"आणि मग त्याची भाजी करतात?" काकूंनी तिथं विचारलं होतं.

"नाही. नाक-डोळे कोरतात, आत दिवा लावतात, दारात ठेवतात."

"अन् मंग?"

"मग टाकून देतात."

काकूंना रात्री झोप लागली नाही. कोरल्यावर निघालेला गर त्यांनी सुनेच्या नकळत काढून ठेवला आणि सकाळी घारगे करायला घेतले. कोरायचा भोपळा जातीनं पाणचट आणि रेषाळ. कणीक घालता घालता डबा संपला, पण घारगे काही थापले जाईनात. त्या देशाबद्दल काकूंचं मत तेव्हापासून ठरलेलं आहे.

काका मात्र भारावून परतले. आपल्याकडं हे का नाही? आपल्याकडं हे नाही, कारण आपल्याकडं भोपळा शोधायला जावं लागत नाही, तो आपण होऊन येतो. टाउनशिपच्या क्वार्टरामागे बाडी असायची तेव्हा पावसाळ्यात कुणीतरी आळ्यात चार बिया टाकायचं आणि दसऱ्यापर्यंत वेल तीन क्वार्टरं ओलांडून जायचा. बी एकाचं, भिंत दुसऱ्याची आणि भोपळा तिसऱ्याच्या संडासाच्या छपरावर. त्यावरून झालेली भांडणं युनियनच्या निवडणुकीपर्यंत टिकलेली मी पाहिली आहेत. पण हा इतिहास काकांना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी दूधवाल्यामार्फत धमधाकडचा एक शेतकरी गाठला. धमधाचा पट्टा भाजीपाल्याचा, विशेषतः टोमॅटोचा; त्या शेतकऱ्याच्या बाडीत भोपळाही होता. छत्तीसगडीत त्याला मखना म्हणतात.

शेतकरी म्हणाला, किती हवेत सांगा, दूधवाल्याच्या गाडीवर घरपोच पाठवतो. काका म्हणाले, नाही, आम्ही येऊन स्वतः तोडू. शेतकरी म्हणाला, तोडा, पण भाव कमी होणार नाही. काका म्हणाले, कमी कशाला, उलट माणशी प्रवेशशुल्क देऊ. यावर फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. नंतर शेतकऱ्यानं दूधवाल्याला वेगळा फोन करून साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली म्हणे.

दसरा होऊन बोनस हातात पडलेला आणि दिवाळीचा फराळ अजून सुरू व्हायचा, असा रविवार ठरला. काकांचं परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. 'भोपळा तोडणी: मानक कार्यपद्धती' असा मथळा. बंद बूट अनिवार्य, साडी शक्यतो टाळावी, लहान मुलांनी कापणीक्षेत्रात धावू नये, प्रत्येक भोपळ्याची नोंद केल्याशिवाय तो बसमध्ये चढवू नये. साडीच्या कलमावर महिला मंडळात जे झालं ते इथं लिहीत नाही. सगळ्या साड्या नेसून आल्या.

बस सिव्हिक सेंटरहून साडेसहाला सुटणार होती. काका सहाला हजर, बाकीचे सात वाजता, आणि ज्यांचं घर सिव्हिक सेंटरच्या अगदी समोर आहे ते साडेसात वाजता. हजेरी झाली. पॉवर हाउसवरून नंदिनी रोडला लागलो तशी काकूंनी सांबारवडीचा डबा उघडला आणि काकांनी तोंड उघडलं. नंदिनीच्या खाणीतला चुनखडक, दल्ली-राजहराचं लोहखनिज, त्यांचं भट्टीत काय होतं, हे ऐकत आम्ही अहिवारा ओलांडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान ओंबीवर आलेलं, खाली मान घालून उभं. आमची मुलंही खाली मान घालूनच बसली होती, मोबाइलमध्ये.

शेतावर काकांनी आधी सगळ्यांना रांगेत उभं करून सुरक्षेवर भाषण दिलं. ते इतकं नेमकं होतं की शेतकरीही येऊन रांगेत उभा राहिला. खरं सांगायचं तर काकांना विषय येतो. न येणारा विषय ते वाचून आणतात. भोपळ्याच्या सालीवर नख दाबायचं. खूण उमटली तर तो कोवळा, राहू द्यायचा. देठ हिरवा आणि रसरशीत असला तर थांबायचं, वाळून बुचासारखा झाला की तोडायचा. तोडायचा म्हणजे पिरगळायचा नाही, विळ्यानं कापायचा आणि बोटभर देठ फळाला ठेवायचा, कारण देठ निघाला की तिथून कूज शिरते. देठाला धरून उचलायचा नाही. आणि शेवटची परीक्षा म्हणजे बोटानं ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला पाहिजे. काका गुडघ्यावर बसले, एका भोपळ्याला कान लावला, टकटक केलं आणि डोळे मिटून म्हणाले, "हा आपला."

तोडलेल्या प्रत्येक भोपळ्यावर त्यांनी खडूनं नंबर घातला. रुळावर हीट नंबर असतो. पुढं कुठं तडा गेला तर कोणत्या हीटचा माल ते शोधता येतं. भोपळ्याला तडा गेल्यावर आपण नक्की कुणाला जाब विचारणार, हे मी विचारलं नाही.

एका छोटीला भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट माहीत होती. ती सगळ्यात मोठ्या भोपळ्यावर चढून बसली आणि म्हणाली, "आजोबा, इसका दरवाजा किधर है?" काकांनी तिचंही नाव वहीत लिहिलं.

शेतकरी बांधावर उभा राहून हे सगळं बघत होता. अकराच्या सुमाराला त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली आणून उभी केली. इलिनॉयमध्ये अगदी अशीच होती, म्हणून काकांना आनंद झाला. शिट्टी वाजली. प्लांटचे दोन निवृत्त फोरमन, एक बँकवाले, सेक्टर नऊच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक मेट्रन आणि आम्ही बाकीचे हातोहात भोपळे देत राहिलो. ट्रॉली गच्च भरली आणि निघून गेली. दुसऱ्या फेरीला काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, हे आपले कोहळे नाही. हे दुर्गच्या मंडीत चाल्ले. तुम्ही हमाली करून राहिले."

"याला अनुभव म्हणतात," काका म्हणाले. "तिकडं याचेच पैसे घेतात."

"इकडंही तुम्ही देऊनच राहिले ना!"

दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं, आणि त्या दिवशी तर विळाही हाताशी होता. म्हणून आम्ही मुलांना मधे घातलं.

घराच्या कौलारू छानीवर आठ-नऊ भोपळे दिसत होते, केशरी, भरदार, बागेतल्यापेक्षा देखणे. काकांनी शिडी मागवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती दोरी बाहेर निघाली आणि कमरेला बांधली गेली. काका वरून तिसऱ्या पायरीवर पोचले असतील, तोच शेतकऱ्याची बायको आतून ओरडत आली. ते राखून ठेवलेले होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गोवर्धनपूजेला नव्या तांदळाची खिचडी आणि कोचई-मखन्याची भाजी होते, आधी गाईला देतात, मग घरच्यांनी खायची. गाईचा वाटा तोडायला निघालेल्या माणसाला ती जे बोलली ते छत्तीसगडीत होतं, पण कळलं सगळ्यांना. काका उतरले. दोरीची गाठ मात्र सुटेना. ती दुपारच्या जेवणापर्यंत तशीच होती.

जेवायच्या आधी एक भोपळा कापून बघू, गर कसा आहे ते कळेल, असं काकांनी सुचवलं आणि सुरी त्या बाईंपुढं केली. त्या दोन पावलं मागं सरल्या. इकडं पुष्कळ गावांत अख्खा मखना बाई कापत नाही. त्याला घरच्या थोरल्या मुलाचा मान असतो. पहिला वार पुरुषानं करायचा, मग पुढं बाईनं हवं तेवढं चिरावं. शेतकरी ट्रॉलीबरोबर गेलेला. काकूंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी सुरी काकांच्या हातात दिली आणि शेजारच्या खाटेवर नीट मांडी घालून बसल्या.

"कापा. घरी तर कधी कांदा चिरला नाही."

काकांनी आधी हातमोजे घातले. भोपळा डुगडुगत होता, म्हणून दोन्ही बाजूंना विटांचे तुकडे लावून तो पक्का केला. मधोमध खडूनं रेघ मारली. मग सुरी रोवली. ती चार बोटं आत गेली आणि थांबली. मागं ओढली तर येईना, पुढं ढकलली तर जाईना. काकांनी जोर लावून सुरी उचलली, तर तिच्याबरोबर भोपळाही उचलला गेला, आणि काका तो तसाच हातात धरून कुठं ठेवावा म्हणून इकडं तिकडं बघू लागले. बँकवाल्यांनी फोटो काढला. शेवटी शेतकऱ्याचा नातू, वय वर्षं दहा, विळा घेऊन आला. त्यानं भोपळा जमिनीवर ठेवला, एक घाव घातला, दोन फाका झाल्या, आणि तो परत गोट्या खेळायला पळाला. काका म्हणाले, "प्राथमिक काम झालेलंच होतं."

जेवण मात्र अप्रतिम झालं. त्याच भोपळ्याची भाजी, वेलाच्या कोवळ्या पानांची मखना भाजी, पताल म्हणजे टोमॅटोची चटणी, भात. काकूंनी त्या बाईंना कोहळ्याचे गोड बोंडं कसे करायचे ते सांगितलं. दोघी भाषेच्या तिसऱ्याच गल्लीत बोलत होत्या आणि दोघींना सगळं समजत होतं. निघताना काकांनी शुल्क मोजून दिलं. शेतकऱ्यानं ते दोनदा परत केलं, तिसऱ्यांदा ठेवून घेतलं.

प्रत्येक घरी दोन-दोन भोपळे आले. आम्ही देठ सांभाळून तोडलेले, त्यामुळं एकही सडेना. सांबार झालं, घारगे झाले, भरीत झालं. भोपळा जागच्या जागी. मग लोकांनी दिवाळीच्या फराळाच्या ताटाबरोबर ते एकमेकांकडं पोचवायला सुरुवात केली. सतरा नंबरचा भोपळा आमच्याकडून हुडकोत गेला, तिथून रिसालीला, तिथून वैशालीनगरात एका तेलुगू कुटुंबाकडं, आणि देवदिवाळीला त्यांनी तो प्रेमानं काकांना आणून दिला. काकांनी खडूचा आकडा पाहिला, वही उघडली आणि नोंदीपुढं 'परत' असं लिहिलं.

त्याच आठवड्यात शेतकऱ्याचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर लावला, कारण कौतुक असेल असं त्यांना वाटलं.

"साहेब, अवइया इतवार पताल टोरे बर आहू का? मनखे थोकिन जादा लानहू."

परिपत्रक रात्रीच आलं. या वेळी शुल्क वाढवलं आहे. टोमॅटो नाजूक असतो म्हणे.