घसारा

इतिहास मंडळाचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, ही गोष्ट आमच्या सभासदांना मनापासून पटलेली नाही. अठराव्या शतकात मुक्कामाला असलेल्या माणसांना चालू वर्ष जरा उथळच वाटतं. पेशवाईतल्या एखाद्या रोजकीर्दीत हत्तीच्या चाऱ्याचा हिशेब दोन आण्यांनी जुळला नाही, तर आमचे मोडीचे जाणकार त्या दोन आण्यांसाठी रात्र जागवतील. पण परवाच्या व्याख्यात्यांना आणलेल्या रिक्षाची पावती मागितली, की ‘समकालीन साधने उपलब्ध नाहीत’ असा शांत, विद्वान भाव त्यांच्या चेहऱ्यावर पसरतो. तालुक्याच्या गावातलं आमचं मंडळ. पगारी माणूस एकही नाही. कोषाध्यक्षपद माझ्याकडे आलं, कारण बाकी सगळ्यांना इतिहास येत होता.

सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा 1950 सालचा. त्याच्या नियमांप्रमाणे अनुसूची आठमध्ये ताळेबंद आणि नऊमध्ये उत्पन्न-खर्च मांडायचा. या ताळेबंदात आमचं लोखंडी कपाट आहे. त्याच्या उरल्यासुरल्या किमतीवर दरवर्षी दहा टक्के घसारा लागतो. 8,000 रुपयांचं कपाट दहा वर्षांनी 2,789 रुपयांवर येतं, पुढेही झिजत राहतं, पण शून्य काही होत नाही. अमावास्या नसलेला कृष्णपक्षच तो! आणि त्या कपाटात बांधून ठेवलेले मोडी कागदांचे रुमाल? ते पोत्यात भरून कुणीतरी आणून दिले. विकत घेतले नाहीत, म्हणून ताळेबंदात ते नाहीतच. कागदांची किंमत काय धरायची, असं ऑडिटरनी एकदा विचारलं. ‘अमूल्य,’ अध्यक्ष गहिवरून म्हणाले. रकाना आकड्यांचा होता.

कायम निधीची कथा याहून हळवी. नव्वदच्या दशकात कुणी वडिलांच्या स्मरणार्थ 5,000 रुपये ठेव म्हणून दिले, व्याजातून दरवर्षी एक व्याख्यान व्हावं म्हणून. तेव्हा अकरा टक्क्यांनी 550 रुपये यायचे. त्यात व्याख्यात्याचं एस.टी.चं भाडं, शाल, श्रीफळ आणि सगळ्यांचा चहा बसे. आता साडेसहा टक्क्यांनी 325 येतात. आधी चहा सुटला, मग भाडं. शाल पातळ होत होत उपरण्यावर आली. नारळ मात्र अजून टिकून आहे. दात्यांचे चिरंजीव पहिल्या रांगेत बसतात, वडिलांचं नाव नीट उच्चारलं गेलं की समाधानाने मान हलवतात. त्यांच्याकडे आणखी पैसे मागायचं दरवर्षी ठरतं आणि त्यांची ती मान बघून दरवर्षी राहून जातं.

आजीव सभासद हा आमचा सर्वांत गोड तोटा. एक गुरुजी 1984 साली 151 रुपये भरून आजीव झाले. आज ते नव्वदीत आहेत. आमचं त्रैमासिक त्यांना टपालाने जातं, आणि अंक पोचल्याचं कार्ड न चुकता येतं. सोबत शुद्धलेखनाच्या चुकांची यादी. त्यांचे 151 रुपये टपालखर्चात कधीच विरले. खरं तर कोषाध्यक्षाने अशा नोंदीकडे चिंतेने पाहायला हवं. मी मात्र कार्ड यायला दोन दिवस उशीर झाला, की पोस्टात चौकशी करून येतो. हा तोटा वाढत राहावा, अशी माझी इच्छा आहे. ती इतिवृत्तात नोंदवता येत नाही.

शिल्लक फारच रोडावली, की मला पहिला बाजीराव आठवतो. 1737 साली थेट दिल्लीवर धडक मारणारा हा माणूस धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचं देणं लागत होता आणि सावकारांनी कसं हैराण केलं आहे, हे त्यांनाच पत्रांतून कळवत होता. आम्हाला कर्ज द्यायला स्वामी नाहीत, हे एका परीने बरंच आहे.

तर, वार्षिक वर्गणी 200 रुपये आहे. पावती जागेवर मिळेल. रोख देणार असाल, तर कृपया सुटे आणा.